विचारा आणि गप्प बसा

दातांच्या डॉक्टरांची लेक दीड वर्षाची झाली तरी एक शब्द बोलेना, तेव्हा बायकोने लेकीबरोबर डॉक्टरांनाही वाचातज्ज्ञांपुढे नेऊन बसवलं.

"नेहमी बोलता तसं बोला तिच्याशी," वाचातज्ज्ञ म्हणाल्या.

"पिल्लू, हा कोण? हत्ती! आवडला? आवडला बरं का! हवा तुला? हवाच मुळी!"

वाचातज्ज्ञांनी हात वर केला. "प्रश्न तुमचा, उत्तरही तुमचंच. मग तिने बोलायचं कधी?"

खरंच होतं. पंधरा वर्षं डॉक्टर ज्यांच्याशी गप्पा मारत आले होते, त्यांच्या तोंडात डॉक्टरांचीच बोटं असत. उत्तराची वाट बघायची सवयच सुटली होती.

"विचारा, चेहऱ्याकडे प्रेमाने बघा आणि मनात दहा आकडे मोजा. बोट दाखवलं, मान हलवली, तरी ते बोलणंच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दवाखान्यातच सराव सुरू केला. खुर्चीत एक मुख्याध्यापिका होत्या. नुसते दात साफ करून घ्यायला आलेल्या. "मग, कसं वाटतंय?" असं विचारून डॉक्टर भुवया उंचावून त्यांच्याकडे टक लावून बघत बसले. एक, दोन, तीन...

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. "काही गंभीर आहे का?"

उत्तर आलं! डॉक्टर हरखून हसले आणि पुन्हा मोजू लागले.

"हसताय काय? काढावे लागणार? किती? अहो, सगळे?"

आवाज बाहेर पोचला. बाकावरच्या तिघांपैकी दोघांना अचानक कामं आठवली. तिसऱ्याने कारणही दिलं नाही. पाठोपाठ मुख्याध्यापिका गळ्यातल्या फडक्यासकट निघून गेल्या.

मदतनीस बाई धावत आल्या. "सर, काय केलंत? बाहेर चिटपाखरू नाही!"

"अहो, त्या पाच वाक्यं बोलल्या!"

मुख्याध्यापिकांची फोनवर समजूत मदतनीस बाईंनीच घातली. डॉक्टरांच्या हाती फोन द्यायची त्यांची छाती झाली नाही.

दवाखाना ओस, म्हणून डॉक्टर दुपारीच घरी आले आणि लेकीपुढे मांडी घालून बसले. "दूध हवं की केळं?"

मनातल्या मोजणीत पाचाला लेकीने स्वतःचा अंगठा तपासला. साताला डॉक्टरांचे ओठ शिवशिवले. बायकोने डोळे वटारले. नवाला लेकीने बोट केलं.

"के!"

"केळं म्हणाली! ऐकलंस? काय स्पष्ट उच्चार! माझ्यावर गेलीये. अजून म्हण, केळं! म्हणशील? म्हणशीलच तू! आजीला फोन लाव..."

लेक केळ्याकडे बघत थांबली, मग बापाकडे. शेवटी रांगत मांडीवर चढली आणि तिने आपला चिकट तळवा त्यांच्या तोंडावर घट्ट दाबला.

"हे समजायला काही तज्ज्ञ नको," बायको म्हणाली आणि केळं सोलू लागली.