सुरक्षित कोठार आणि बेसिनचा नळ

आमच्या कोठारात कोणीही शिरू शकत नाही, हे मी मांडवीतल्या निम्म्या लोकांना सांगितलं होतं. उरलेल्या निम्म्यांना अम्मीने सांगितलं.

कोठार म्हणजे भाताचं नव्हे. मी आणि माझा दोस्त सम्यक, आम्ही दोघं प्रोग्रॅम लिहितो. लिहिलेला कोड, त्याच्या जुन्यानव्या आवृत्त्या, कुठे काय बिघडलंय त्याच्या तक्रारी, हे सगळं एका जागी ठेवावं लागतं. बाकीची दुनिया ते परक्या कंपनीच्या भरवशावर इंटरनेटवर ठेवते. मी म्हटलं, आपलं कोठार आपल्या घरात! एक जुना कॉम्प्युटर हॉलमधल्या शोकेसखाली बसवला, त्यात कंटेनर तयार केला आणि कोठार त्या कंटेनरात थाटलं. कंटेनर म्हणजे आपल्याच घरात भाडेकरूला दिलेली वेगळी खोली. दार वेगळं, चूल वेगळी. भाडेकरूने आत छप्पर पाडून घेतलं तरी मालकाला पत्ता नाही. घरच्या वायफायच्या बाहेर तर ते कोठार कोणाला दिसतही नाही. शिवाय त्या खोलीचा जसाच्या तसा फोटो काढून ठेवता येतो. काही बिघडलं की एक कमांड द्यायची, खोली फोटोतल्यासारखी पुन्हा उभी.

"आणि ह्याची बॅकअपची प्रत कुठे ठेवलीस?" सम्यकने विचारलं.

"सगळ्यात सुरक्षित जागी. कोठारातच."

तो काहीतरी बोलणार होता, पण अम्मीने त्याच्या पुढ्यात सांदणं ठेवली आणि विषय तिथेच संपला.

एवढा आटापिटा कशासाठी, तर दोह्याला जायचं नव्हतं म्हणून. अब्बांचं आयुष्य कुवेतला टगबोटीवर गेलं. पोटापाण्यासाठी माणसाने समुद्र ओलांडलाच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. माझा चुलतभाऊ अरीब याने दोह्याच्या एका गोदामात माझ्यासाठी नोकरी बघूनही ठेवली होती. मला रत्नागिरी सोडायची नव्हती. शेवटी घरात तह झाला. मिरजोळ्याच्या बर्फ कारखान्याचं काम मिळालं तर मी इथे, नाही मिळालं तर मुकाट्याने विमानात. कुठल्या बोटीला किती बर्फ गेला, हे सांगणारा आमचा प्रोग्रॅम बघायला कारखान्याच्या मॅनेजर दर्शना मॅडम येणार होत्या. त्याही घरीच, कारण कोठार घराबाहेर दिसत नाही ना!

आता माझी एक चूक झाली. चोर बाहेरून येतात, असं मी धरून चाललो होतो. घरातल्यांचा विचारच केला नव्हता.

एकदा अम्मीने विचारलं, ह्यात तू दिवसभर करतोस काय. मी मोठ्या ऐटीत तिला तक्रारींचं पान दाखवलं. इथे तक्रार लिहायची, ती कोणी दुरुस्त करायची त्याचं नाव टाकायचं, आणि काम झाल्याशिवाय ती बंद होत नाही. अम्मीच्या डोळ्यांत जी चमक आली, ती ईदचा चंद्र दिसल्यावरही मी तिथे पाहिली नव्हती. तिने तिथल्या तिथे मोबाईलवर स्वतःचं खातं काढून घेतलं. संध्याकाळपर्यंत बर्फाच्या प्रोग्रॅमच्या पानावर तक्रारी झळकल्या: बेसिनचा नळ गळतो. माळ्यावरचे खोके कोणी काढत नाही. साकिब जेवायला हाक मारल्यावर येत नाही. दुरुस्त कोणी करायचं? साकिब, साकिब, साकिब. म्हणजे मी, मी आणि मी.

मग अब्बांनीही खातं काढलं. अम्मीने लिहिलं, 'साकिबला दोह्याला पाठवू नये.' अब्बांनी खाली 'गरज आहे' असं लिहून तक्रार बंद केली. अम्मीने 'नाही' लिहून पुन्हा उघडली. दोघं एकाच सोफ्यावर बसून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, दिवसदिवस ती तक्रार उघडत आणि बंद करत बसायची. घरात इतकी शांतता कधी नव्हती, हे मात्र कबूल करायला हवं.

मॅडम येणार त्या सकाळी मला घाम फुटला. गिऱ्हाईक आमचं कोठार उघडणार आणि पहिल्यांदा काय वाचणार, तर आमचं बेसिन! एकेक तक्रार पुसावी तर अम्मी भाकऱ्या थापणं सोडून मला थापेल. मग मला फोटो आठवला. अम्मीचं खातं नव्हतं तेव्हाच्या फोटोवर खोली परत न्यायची आणि काहीतरी तांत्रिक बिघाड झाला म्हणून सांगायचं. मी कमांड दिली. पापणी लवायच्या आत अम्मी नाही, अब्बा नाही, नळ नाही. मी स्वतःवर इतका खूश झालो की विचारू नका.

तेवढ्यात सम्यक आला, पडद्यावर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"साकिब, प्रोग्रॅम कुठाय?"

फोटो कोठार थाटलं त्या दिवशीचा होता. त्या दिवशी कोठार रिकामं होतं. बॅकअप? ती कोठारातच होती, तीही गेली. आणि आता एकच पक्की जागा आहे म्हणून माझ्या लॅपटॉपवरची प्रत मी शिस्तीत पुसून टाकली होती. सम्यकलाही तसंच बजावलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर दोह्याचं गोदाम उभं राहिलं. खरं सांगतो, रडायला आलं.

सम्यक मान खाली घालून म्हणाला, "मी पुसली नाय रे. कंटाळा केला."

त्याच्या लॅपटॉपवर अख्खा प्रोग्रॅम होता, आणि लॅपटॉप नाचणे गावात त्याच्या घरी होता. बाहेरून पाठवावं तर कोठार बाहेरून दिसत नाही, तशी मीच सोय केलेली. तो स्कूटर घेऊन सुटला, आणि फाटकातून दर्शना मॅडम आत आल्या.

मग आमच्या घरच्यांनी खिंड लढवली. अब्बांनी कुवेतच्या बंदराच्या गोष्टी सुरू केल्या. अम्मीने भाकरी, तळलेला सरंगा आणि सोलकढी आणून ठेवली आणि खाल्ल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, असा दम भरला. मॅडम नको नको म्हणत दुसरी भाकरीही जेवल्या. त्या हात धुऊन येईपर्यंत सम्यक धापा टाकत पोचला, त्याने प्रोग्रॅम कोठारात चढवला आणि आम्ही दाखवला. बोटी, बर्फ, हिशेब, सगळं व्यवस्थित चाललं.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "पण बिघडलं तर आमच्या कामगारांनी सांगायचं कुठे?"

मी तक्रारींचं पान उघडलं. पांढरंशुभ्र.

"एकपण तक्रार नाही?" मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे हे कोणी वापरलेलंच नाही. तुम्हा शिकलेल्यांना जमेल हो, माझ्या माणसांना जमायला हवं." त्या पर्स उचलायला लागल्या.

जे पुसलं, तेच दाखवायला हवं होतं!

"रिकामं कसं?" स्वयंपाकघराच्या दारातून अम्मी म्हणाली. "माझ्या तक्रारी कुठे गेल्या रे?"

मी तांत्रिक बिघाडाबद्दल पुटपुटलो. तिने ऐकूनही घेतलं नाही. पदराला हात पुसले, मोबाईल घेतला, नवीन खातं काढलं आणि मॅडमच्या शेजारी बसून एकेक तक्रार तोंडपाठ लिहून काढली. खोके, जेवण, आणि शेवटी दोहा. ते लिहिताना मात्र तिचं बोट थोडं थांबलं. मॅडम बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अम्मींना जमतं तर माझ्या माणसांना जमेल. सोमवारी कारखान्यात या, काम तुमचं."

अब्बांनीही आपलं खातं नव्याने काढलं आणि सवयीने अम्मीची शेवटची तक्रार बंद केली. अम्मी भांडायला उठणार, तेवढ्यात तिने खाली वाचलं: 'काम झालं. पोरगा हितंच.' ती पदर डोळ्यांना लावून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

मॅडमनाही आम्ही लगेच खातं काढून दिलं. कारखान्याकडून पहिली अधिकृत तक्रार त्यांनी फाटकाबाहेर पडण्याआधीच नोंदवली: 'बेसिनचा नळ गळतो. हात धुताना ड्रेस भिजला. तातडीचे.' दुरुस्त कोणी करायचं? साकिब.

बॅकअप आता सम्यकच्या घरी असते. ती तक्रार अजून उघडीच आहे. परवा अब्बा पेपर वाचता वाचता सहज म्हणाले, दोह्यात अरीबच्या खोलीतले नळ म्हणे अजिबात गळत नाहीत.