पेडणेकर बाईंची स्कूटर

पेडणेकर बाई बिस्किटाचा पुडा आणला की आधी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर ठेवायच्या, मगच फोडायच्या. एकदा चार ग्रॅम कमी भरले. बाईंनी कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने दिलगिरी म्हणून बिस्किटांचा अख्खा खोका पाठवला, तो बाईंनी परत केला. "मला बिस्किटं नकोत गं. चार ग्रॅम कुठे गेले ते त्यांनी लेखी द्यावं."

आम्ही दोघी मालाडच्या एका शाळेच्या ऑफिसात. त्या हेडक्लार्क, मी समोरच्या टेबलावर. बाईंनी लग्न केलं नव्हतं. बोरिवलीला एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. कुरिअरवाल्याने सही मागितली तरी चष्मा लावून त्याचा कागद पाठपोट वाचायच्या. तो बिचारा दारात ताटकळत, "मॅडम, जल्दी ना."

तर या बाईंच्या घराचं छत गळायला लागलं. दुरुस्तीसाठी त्यांनी बँकेकडे कर्ज मागितलं आणि बँकेने नाही म्हटलं. बाईंच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये स्कूटरचं कर्ज होतं आणि त्याचे वर्षभराचे हप्ते थकलेले होते.

"स्कूटर?" बाई म्हणाल्या. "मी आयुष्यात सायकलवर बसले नाही."

त्यांनी रीतसर तक्रार केली. रिपोर्टमधली चूक तीस दिवसांत दुरुस्त करून मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, हे त्या महिनाभर शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळ्यांना ऐकवत होत्या. वसुलीवाल्याचे फोन शाळेत यायचे. बाई त्यालाच पूर्ण नाव, हुद्दा, ओळखपत्राचा नंबर विचारायच्या. आडनावाचं स्पेलिंग तर दोनदा. शेवटी तोच फोन ठेवायचा. आम्ही सगळे हसायचो.

पण मधल्या सुट्टीत बाई डबा न उघडता बसून राहायला लागल्या. "माझं नाव आजपर्यंत कोणी खराब केलं नव्हतं," एकदा म्हणाल्या.

कर्ज देणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं, की माहिती तपासली, ती बरोबर आहे. मग बाई वकील न लावता ग्राहक आयोगात गेल्या. तारखेला मला सोबत न्यायच्या. तिसऱ्या तारखेला कंपनीच्या माणसाने कर्जाची मूळ फाइल आणली आणि बाहेरच्या बाकावर बाईंच्या हातात दिली.

बाईंनी सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्यांचं आधार, पॅन, फोटो, सगळ्याच्या झेरॉक्स होत्या. सहीच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या. शेवटी स्कूटर पोचवल्याची पावती होती. तिच्यावर मढचा पत्ता आणि ताब्यात घेणाऱ्याचं नाव, विजय पेडणेकर.

"सही खोटी आहे ना?" मी म्हटलं. "तज्ज्ञाकडून तपासून मागू."

"नको."

त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला आणि तिथेच गुडघ्यावर अर्ज लिहिला. तक्रार मागे घेत आहे. कारण, कर्ज माझेच आहे, विसरले होते. कंपनीचा माणूस कधी कागदाकडे बघे, कधी बाईंकडे.

रिक्षात त्यांनी सांगितलं. विजू त्यांचा धाकटा भाऊ. आई-वडील गेले तेव्हा सातवीत होता, त्याला बाईंनीच वाढवलं. सहा वर्षांपूर्वी वडिलांची लालबागची खोली विकण्यावरून दोघांचं भांडण झालं. त्या व्यवहारासाठी दिलेल्या बाईंच्या कागदांच्या झेरॉक्स त्याच्याकडे राहिल्या त्या तेव्हापासूनच.

"मीच म्हटलं, तोंड दाखवू नकोस. नंतर ऐकलं, सुरतेला गेला." मग म्हणाल्या, "मी कामावरून उशिरा यायचे. प्रगतिपुस्तकावर माझी सही तोच करायचा. मला ठाऊक होतं. चांगली जमायची त्याला."

बाई पगारातून हप्ते भरायला लागल्या. छत तसंच गळत राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत म्हणाल्या, "चल गं, मढला जाऊन येऊ." शूटिंगला भाड्याने देतात तसल्या एका बंगल्याचा तो पत्ता होता. विजू तिथे राखणदार होता. आम्ही समोरच्या दुकानाशी उभ्या राहिलो. तासाभराने फाटक उघडलं आणि तो स्कूटरवरून बाहेर आला. पुढे चार-पाच वर्षांची मुलगी उभी होती. आमच्याकडे न बघताच तो बाजाराकडे निघून गेला. बाईंनी हाक मारली नाही.

परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "हेल्मेट घालत नाही."

मग पुष्कळ वेळाने, "मुलगी झाली ते कोणी कळवलंच नाही. कोणावर गेलीय गं? माझं लक्ष विजूकडेच राहिलं. केस पिकले त्याचे."

मीही नीट पाहिलं नव्हतं. म्हटलं, "तुमच्यावर."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. एक स्टॉप गेला, दुसरा गेला.

"नाक नको जायला माझ्यावर," त्या म्हणाल्या.