बेहड्याच्या ढोलीचा पहारा

एका जंगलात, मुलांनो, बेहड्याचं एक जुनं झाड होतं. शेंड्याजवळच्या ढोलीत गिरजामावशी नावाची घुबडीण राहायची. वैशाखात कुठल्या डोहाला पाणी उरतं हे तिला एकटीलाच ठाऊक. वय झालं तसं ती सगळं ढोलीच्या भिंतीवर नखाने कोरून ठेवी. डोहांची नावं, पिल्लांची नावं आणि सगळ्यात वर स्वतःचं.

दारावर तुळाजी शेकरू पहारा करी. लहानपणी तो फांदीवरून पडला तेव्हापासून मावशीनेच त्याला वाढवलं होतं. तिच्यावर त्याचा फार जीव. म्हणून त्याने आत सोडायच्यांची एक यादी केली आणि नियम घातला. आपल्या तोंडाने नाव सांगायचं, यादीत असेल तरच आत. मध आत जाई, कारण मध यादीत होता.

एके वर्षी मुळांना वाळवी लागली. वाळवी खाणाऱ्या भिवा खवलेमांजराला बोलावलं. त्याने मुळं साफ केली, खोड साफ केलं. थोडी साल ओरबाडली गेली, पण झाड वाचलं. उरलीसुरली वाळवी मात्र वर चढून दारात आली.

"कोण?"

"आम्ही खालच्या मुळांतल्या. याच झाडाच्या."

घरच्यांसाठी यादी कशाला बघायची? तुळाजी बाजूला झाला.

महिन्याभरात मावशी डोहांची नावं विसरू लागली. भिवा धापा टाकत वर आला.

"तुळाजीदादा, वाळवी भिंत खातेय. मला आत सोडा."

"तुमचं नाव यादीत नाही."

"वाळवीचं होतं?"

"ती इथलीच. तुम्ही परके. शिवाय साल ओरबाडता."

हे खरंच होतं. भिवा खाली मान घालून गेला.

दुसऱ्या दिवशी अस्वलाने मधाचं मोठं पोळं आणलं. तुळाजीने वास घेतला आणि वाट दिली. आत गेल्यावर पोळं उलगडलं आणि त्यातून मध चोपडलेला भिवा निघाला. त्याने जेमतेम दोन घास वाळवी खाल्ली असेल, तोच तुळाजीने त्याला शेपटीला धरून अगदी अदबीने बाहेर काढलं.

"मधाला हरकत नाही," तो म्हणाला, "पण तुम्ही मध नाही."

मग एका सकाळी मावशी ऊन खायला फांदीवर आली. परत दाराशी गेली तेव्हा तुळाजीने रोजच्यासारखं विचारलं, "नाव?"

मावशीने दारातून आत भिंतीकडे पाहिलं; सगळ्यात वरचं नावही वाळवीने खाल्लं होतं.

"तूच सांग की बाळा. तुला ठाऊक असेल."

तुळाजीला ठाऊक होतं. पण नियम नियम होता, आणि तो तिच्यासाठीच केलेला होता. त्याने तिला पंखाला धरून फांदीवर नीट बसवलं, स्वतःचे डोळे पुसले आणि पुन्हा दारात उभा राहिला. आतून भिंत कुरतडल्याचा आवाज येत होता.

तात्पर्य : पहारा नेहमी जिवापाड प्रेमाने करावा. नुसतं काम म्हणून केला, तर एखाद्या वेळी चुकून औषध आत जायचं.