साळूमावशीचं बीळ आणि गोड बोलणारं उदमांजर

एका जंगलात, मुलांनो, प्राणी पुष्कळ होते आणि बिळं कमी होती. त्यामुळे ज्याच्याकडे एक बीळ जास्त, तो मान वर करून चालायचा. सरपटणारा असला तरीसुद्धा.

त्या जंगलात एक पिसोरी आली. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. पान पडलं तरी दचकणारं. तिला पाणवठ्यावरच्या बालवाडीत नोकरी लागली होती. पण राहायला जागा नव्हती. रोज ती करवंदीच्या जाळीत पाय पोटाशी घेऊन पडायची. आणि दिवस मावळला की त्या जंगलात बिबट्या फिरायला निघायचा. तो रिकाम्या पोटी परत गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

घाबरू नका. गोष्टच आहे.

आईने निघताना पिसोरीला एक गाठोडं दिलं होतं. चारोळ्या, वाळवलेले आवळे, मोहाची फुलं. वर्षभर जमवलेली. "डिपॉझिट म्हणून दे," आई म्हणाली होती, "आणि नीट बघून दे."

पिसोरी आधी घोरपडीकडे गेली.

"आम्ही फक्त सरपटणाऱ्यांना देतो," घोरपड म्हणाली. "माझ्या मनात तसं काही नाही हो. सोसायटीचा नियम आहे."

मग ती घुबडकाकूंकडे गेली. त्यांची खालची ढोली रिकामी होती.

"एकटीच राहणार? का? लग्न का नाही झालं? रात्री किती वाजता येणार? आम्ही जागेच असतो, सांगून ठेवते. आणि तुझ्या खुरांचा आवाज होतो. खाली वाळवी राहते, तिला त्रास होईल."

पिसोरी रडत जाळीत परतली.

तेवढ्यात तिथे एक उदमांजर आलं. त्याच्या अंगाला आंबेमोहोर भाताचा वास येत होता. ज्याच्या अंगाला भाताचा वास येतो तो वाईट कसा असेल, असं पिसोरीला वाटलं. तुम्हालाही वाटलंच असतं.

"ताई, घर शोधताय का?" उदमांजर म्हणालं. "माझी ड्यूटी जंगलाच्या सीमेवर असते. आता बदली झालीय. बीळ रिकामं ठेवायला जीव होत नाही. भाड्याचं काय हो, कुणीतरी चांगलं राहायला हवं."

"मी... मी एकटी आहे," पिसोरी भीत भीत म्हणाली.

"मग काय झालं? तुम्ही काय खाता, कधी येता, हे विचारणारे आम्ही कोण?"

पिसोरीचे डोळे भरून आले. या जंगलात तिला पहिल्यांदाच कुणीतरी 'तुम्ही' म्हटलं होतं.

उदमांजराने तिला एका टेकाडापाशी नेलं. बीळ सुरेख होतं. तोंड पूर्वेला, वर जांभळाची सावली.

"आत जाऊन बघू?"

"आत्ता जुन्या भाडेकरूचं सामान आहे. उद्या सकाळी सरळ राहायलाच या. फक्त एक आहे, ताई. एक घुशीचं कुटुंब टोकन घेऊन मागे लागलंय. मी त्यांना थांबवून धरलंय. तुमच्यासाठी."

शेजारच्या बिळाच्या दारात मुंगूसवहिनी किडे निवडत बसली होती. "हे बीळ कुणाचं हो?" एवढं तिला विचारलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण इतक्या सज्जनासमोर चौकशी करायची? त्याला काय वाटेल?

पिसोरीने गाठोडं देऊन टाकलं. उदमांजराने नमस्कार केला आणि ते झाडावर चढलं.

सकाळी पिसोरी गेली, तर बिळासमोर रांग. एक नवविवाहित सशाचं जोडपं. मागे घुशीचं अख्खं कुटुंब.

"आम्हाला सांगितलं होतं की एक पिसोरी टोकन घेऊन मागे लागलीय," घूस म्हणाली. "तूच का ती?"

एवढ्यात बिळातून काटे खळखळले आणि साळूमावशी बाहेर आली. साळिंदरांमध्ये तिच्याएवढी तापट दुसरी नव्हती.

"माझ्या दारात जत्रा कुणी भरवली?"

"मावशी, हे बीळ उदमांजरांचं..."

"त्याच्या बापाने खणलंय का? या नखांनी खणलंय मी!"

सगळे चौकीवर हत्तीसाहेबांकडे गेले. हत्तीसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते झाडावर गेलं म्हणता? मग ती माकडांची हद्द."

माकडं म्हणाली, "गाठोडं दिलंत कुठे? जमिनीवर ना? मग हत्तीसाहेबांकडे जा."

असं जाता-येता दिवस मावळला. ससे सासुरवाडीला गेले. घुशींनी स्वतःच खणायला घेतलं. पिसोरीला खणता येत नव्हतं. लांबून बिबट्याचा खोकला ऐकू आला. ती धावत साळूमावशीच्या दारात गेली.

"मावशी, आतली एक खोली मिळेल?"

साळूमावशीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकटी? आईबाप काय करतात? मित्रबित्र येणार का? आंघोळ रोज करतेस ना? वास येतोय तुला. आणि एवढी बावळट, गाठोडं देऊन बसलीस? तुझ्या जागी माझी मुलगी असती तर दोन काटे टोचले असते."

प्रत्येक प्रश्नाबरोबर पिसोरीचा जीव भांड्यात पडत गेला. इतका अपमान करणारी मालकीण खोटी असणं शक्यच नव्हतं.

"डिपॉझिट नाही माझ्याकडे," ती म्हणाली.

"पगारातून कापून घेईन. तोवर रोज माझे काटे विंचरायचे. ये आत, बिबट्याला काय आमंत्रण देतेस?"

पिसोरी आत गेली आणि गाढ झोपली.

सकाळी साळूमावशी तिच्या उशाशी आली. हळूच म्हणाली, "झोप लागली का गं, बाळा? थंडी नाही ना वाजली?"

पिसोरी ताडकन उठली. तिच्या अंगावर काटा आला. गोड आवाज! ती सरळ दाराकडे धावली.

"अगं ए भवाने!" साळूमावशी ओरडली. "भाडं कोण, तुझा आजा देणार का?"

पिसोरी थांबली. मोठा श्वास घेतला. आणि हसत हसत घरात परत आली.

तात्पर्य: घर भाड्याने घेताना आधी पोटभर अपमान करून घ्यावा, मगच डिपॉझिट द्यावं. ज्याला तुमच्या लग्नाची, जेवणाची आणि रात्री परतायच्या वेळेची काहीच पडलेली नाही, त्याला घराचीही पडलेली नसते. कारण घर त्याचं नसतंच.