खंडेनवमीची रायफल

रायफल घेऊन देवदत्त सबनीसांचा फायदा एकच होणार होता, पण तो घसघशीत होता: नोकरी टिकणार होती. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या त्यांच्या कंपनीत गाड्यांच्या सीटांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममधून वर्षाअखेरीला एक जण कमी होणार, ही बातमी उन्हाळ्यातच फुटली होती. नाव ठरवणार होते डायरेक्टर वेन. आणि दर नोव्हेंबरला वेन ज्यांना हरणाच्या शिकारीसाठी जंगलातल्या आपल्या केबिनवर नेत, त्यांतल्या कुणाचीही नोकरी आजवर गेली नव्हती. इतरांना हा योगायोग वाटे. देवदत्तांना त्यात पॉलिसी दिसली. वय चोपन्न, मुलगी रुही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आता दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

म्हणून लिफ्टमध्ये वेननी सहज विचारलं, "देव, शिकार करतोस का?" तेव्हा केकमधल्या अंड्याचीही चौकशी करणारे देवदत्त म्हणाले, "अर्थात!"

"मग यंदा ये. रायफल मात्र स्वतःची आण."

दुकानदारानं जुन्या मालातल्या दोन रायफली काउंटरवर ठेवल्या. "ही बोल्टवाली घ्या. दर गोळीला हातानं खटका ओढावा लागतो, पण दगा देणार नाही. ही दुसरी सेमी-ऑटोमॅटिक, पण म्हातारी. आतून झिजलीय. जरा कचरा गेला की अडकते."

"किंमत?"

"सारखीच."

त्याच पैशात ऑटोमॅटिक मिळत असताना मॅन्युअल घेणारा माणूस देवदत्तांच्या लेखी मूर्ख होता. पहिल्या गाडीपासून त्यांचा तोच नियम. "मालक एकच होता ना?"

"एकच. मागच्या वर्षी वारला."

"म्हणजे वापर कमी," देवदत्त म्हणाले आणि म्हातारी घेऊन घरी आले.

बायकोनं, रत्नानं, दारातच अडवलं. "हे घरात येणार?"

"बेसमेंटच्या लोखंडी कपाटात. कुलूपबंद."

"आणि तू खरंच हरीण मारणार?"

"छे गं! नेम चुकवणार. जाणं महत्त्वाचं. मारायचं कुणाला आहे?"

रुही फोनवर इतकंच म्हणाली, "बाबा, यू से सॉरी टु स्पायडर्स." एका शनिवारी ते सरावाच्या मैदानावर गेले, दोन बार काढले, खांदा सुजवून आले आणि दुकानदारानं शिकवल्याप्रमाणे रायफल रिकामी, गोळ्या भरायचं तोंड उघडं ठेवून कपाटात उभी केली. पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

नोव्हेंबरात देवदत्त वेनबरोबर ग्रेलिंग गावाजवळच्या जंगलात पोचले तेव्हा आभाळ ओल्या गोणपाटासारखं लोंबत होतं. केबिनमध्ये दोघंच. सकाळी केशरी जाकिटं चढवून दोघं मचाणावर बसले. देवदत्तांनी बोटं गारठलेली असताना कशाबशा गोळ्या भरल्या. वेननी स्वतःची रायफल भरलीच नाही.

"आमच्याकडे पहिला बार पाहुण्याचा," ते कुजबुजले. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "एक मोठा नर आहे इथे. डावं शिंग मोडकं. किती वर्षं हुलकावणी देतोय मला."

आणि तो आला. मोडकं शिंग, पाठीवर बर्फाची भुकटी. समोर येऊन आडवा उभा राहिला. वेननी श्वास रोखला. देवदत्तांनी शेजारच्या झाडावर व्यवस्थित नेम धरला आणि चाप ओढला.

काहीच झालं नाही. नेम चुकवायलासुद्धा गोळी सुटावी लागते, ही अडचण त्यांनी हिशोबात धरली नव्हती. पुन्हा ओढला. मग खटका खेचला. तो अर्ध्यात रुतला. खडखड ऐकून नरानं मान वळवली, दोघांकडे नीट पाहिलं आणि तो चालत, अगदी चालत, झाडीत गेला.

वेननी रायफल हातात घेतली, गोळ्या काढल्या आणि फटीत बोट घातलं. बोटाला पिवळालाल चिखल आला. त्यात दाणे.

"देव, हा तांदूळ आहे?"

देवदत्तांना कपाटाची रत्नाकडची दुसरी किल्ली आठवली. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला.

"अरे मग! खंडेनवमी होती," रत्ना म्हणाली. "गाडीची केली, तुझ्या लॅपटॉपची केली, घरातलं एकमेव खरं शस्त्र वगळू? हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, तुपाचं निरांजन ओवाळलं, थोडं तूप सांडलंही. तोंड उघडंच होतं तिचं."

देवदत्तांनी वेनना जमेल तसं समजावलं. "आमच्याकडे वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात. म्हणजे ती ऐन वेळी साथ देतात."

वेन बराच वेळ हसले. मग हसू ओसरलं तसे म्हणाले, "लॅपटॉपचीसुद्धा? बरं झालं. तुला तो लागणार आहे."

"म्हणजे?"

"एक माणूस कमी करायचा होता ना? ऑगस्टमध्येच मी माझं नाव देऊन टाकलं. तू रायफल घेतलीस त्याच्या आधी. माझं झालंय आता. ही शेवटची खेप होती. केबिनही विकली."

"मग मला का बोलावलंत?"

"तू 'अर्थात' म्हणालास. इतर सगळ्यांनी यंदा कारणं सांगितली."

परतताना पेट्रोल भरायला थांबले, तर शेजारच्या पंपावर एका पोऱ्याचा ट्रक उभा. मागे तो नर आडवा पडला होता. मोडकं शिंग फळीबाहेर आलेलं. वेननी टोपी काढली. देवदत्तांनी अभिनंदन की सांत्वन करायचं हे न कळून खिशात हात घातले.

"त्याच्या रायफलीत तांदूळ नव्हता," वेन म्हणाले आणि पंपाकडे वळले.

रायफल पुन्हा बेसमेंटमध्ये गेली. आता ती दसऱ्यापुरतीच बाहेर येते. वेनची नोकरी गेली, केबिन गेली, नर गेला. देवदत्तांचं काहीच गेलं नाही. देवदत्तांनी गाडीत पाकीट काढून पेट्रोलचे पैसे द्यायला धरले होते. तेही वेननी घेतले नाहीत.