चाकांवरच्या भिंती

समकालीन कलाकेंद्राची इमारत लवचीक आणि स्वस्त असावी, असा ठराव समितीने एकमताने मंजूर केला आणि आराखड्याचं काम माझ्याकडे आलं. मी प्लायवूडच्या भिंती सुचवल्या. खाली चाकं, चाकांना ब्रेक. हवी तेव्हा, हवी तेवढी खोली! समिती खूश झाली. मी तर स्वतःवरच खूश होतो.

पहिलं प्रदर्शन माझ्या मावशीचं ठरलं. वशिला बिशिला काही नाही हं. बारा मातीचे पुतळे घेऊन ती बावीस वर्षं दालनाची वाट बघत होती. "लोकांनी एकदा चहूबाजूंनी फिरून बघावेत रे," एवढंच तिचं मागणं.

पुतळे आत आले त्याच दिवशी केंद्राच्या सचिवांनी आपली भिंत दोन हात दालनात सरकवली. अभ्यागतांना बसायला जागा नको? मग आस्थापना शाखेला कपाटं ठेवायची होती. भिंती सरकवण्याच्या अर्जांचा ढीग झाला, म्हणून भिंत-स्थलांतर उपसमिती नेमली. तिला बसायला खोली लागली, आणि ती दालनातूनच निघाली.

"अहो, दालनच संपत आलं!" मी तणतणत सचिवांकडे गेलो.

"लवचीक तुम्हीच म्हणालात ना?" ते शांतपणे म्हणाले.

उद्घाटनाच्या सकाळी मावशी आत शेवटच्या पुतळ्याची धूळ पुसत होती. तेवढ्यात पाहुण्यांच्या चहाच्या टेबलासाठी आणखी एक भिंत सरकली आणि दालनाचं दार भिंतीपलीकडे गेलं. आता वीतभर फट, आत बारा पुतळे आणि मावशी. मी ब्रेक काढायला वाकलो, तर उपसमितीने तीन प्रतींत अर्ज मागितला. मी निमूटपणे लिहायला बसलो.

"अरे मेल्यांनो, भिंत सरकवा!" मावशी ओरडली. एव्हाना फटीसमोर रांग लागली होती.

"काय जिवंत सादरीकरण आहे!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. मावशी रडकुंडीला येऊन पुन्हा ओरडली, तर टाळ्या आणखी वाढल्या.

तुम्हीही होतात की त्या रांगेत. मी अर्जातून मान वर करून सांगितलंही, "अहो, ब्रेक तुमच्या पायाशीच आहे." तुम्ही खाली बघितलंत, धक्का लागू नये म्हणून पाय जपून बाजूला घेतलात, फोटो काढलात आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलंत, 'अस्वस्थ करणारा अनुभव. पुन्हा नक्की येऊ.'

या ना. मावशी आतच आहे.