पाऊल पुसणाऱ्या हेराचे पारिपत्य

श्रीगणनायक आणि वीजदेवता उभयता प्रसन्न असोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक मासी आमचे दौलतीत जे अघटित घडले ते पाहिले तैसे लिहितो. दौलत सामान्य नव्हे. गडोगडी संगणक, चौकीचौकीस पासवर्ड, आणि पासवर्ड ऐसे बिकट की खुद्द धन्यास स्मरू नयेत. शत्रूने डोंगर फोडावा, परंतु आमचा सर्व्हर फुटू नये, ऐसी चहूंकडे ख्याती. ऐसे असता दरबारात मसलत व्हावी आणि ती शेजारचे राज्यास आधी कळावी, ऐसे वारंवार होऊ लागले. नाक्यावरील फौज कधी बदलणार हे फौजेस ठाऊक नाही, शत्रूस ठाऊक. मग श्रीमंतांची आज्ञा जाहली की संगणक झाडून पाहावे, आणि दिवाण आबाजीपंत यांनी जातीने उभे राहून झडती घेवविली, आणि झडतीत काहीच निघेना. परकी फाइल नाही, आल्यागेल्याची नोंद नाही, सारवल्या अंगणाप्रमाणे सर्व साफ. मग दिवाणजींनी तर्क लढविला की बाहेरचा चोर असता तर पाऊल उमटते. पाऊल नाही, त्या अर्थी चोर घरचाच. सर्व्हरखोलीची किल्ली बयाजी पिसाळ यांजकडे. त्यांचे वडिलांनी दारूकोठाराची किल्ली राखिली, यांनी सर्व्हरची, उभयतांचे इमान वाखाणलेले. त्यांजवर आळ आला. भर सभेत दिवाणजी त्यांस हरामखोर म्हणाले, आणि दुसरे दिवशी दरबार भरताच कुटुंबासह वेशीबाहेर घालावे ऐसे ठरले. बयाजी खाली पाहात उभे राहिले. आम्हांस ते पाहवले नाही, खोटे का लिहावे.

संगणकांचे चौकीवर भिवराबाई कोरडे मुख्य, जिभेच्या तिखट, भीडमुर्वत न ठेवणाऱ्या. बयाजींशी त्यांचे विळ्याभोपळ्याएवढे सख्य. तरी बाई श्रीमंतांपुढे गेल्या आणि म्हणाल्या की बयाजी भांडखोर आहे, चोर नाही, मजला शोध करू द्यावा. आज्ञा मिळाली. मग बाईंनी कारकून, शिपाई सर्वांस विचारिले की मसलत फुटली त्या त्या दिवशी आणिक काय जाहले, आणि सर्वांनी एकच सांगितले की दिवाणजींचा संगणक मंद जाहला, आणि मग रिवाजाप्रमाणे तो बंद करोन चालू केला. हा रिवाज आमचे दौलतीत वेदवाक्य. यंत्र रुसले की बंद करावे, रामनाम घ्यावे, चालू करावे. याचा लहानथोरांस मोठा अभिमान. ऐकताच बाईंनी कपाळास हात लाविला, आणि समजावून सांगितले की हा हेर डिस्कवर अक्षर लिहीत नाही, चालत्या यंत्राचे मेमरीत लपून बसतो, काम साधतो, मागील नोंदी पुसतो, आणि यंत्र बंद होताच मेमरीबरोबर नाहीसा होतो. अर्धे त्याने पुसावे आणि उरलेले आपण हौसेने पुसावे, ऐसे चालले आहे.

दुसरे दिवशी दरबार भरला. बयाजींचे कुटुंब गाठोडी घेऊन वेशीपाशी उभे होते, आणि हुकूम लिहावा तो दिवाणजींचा संगणक मंद जाहला, आणि दिवाणजींचा हात सवयीने बटणाकडे गेला. तेव्हा भिवराबाईंनी पुढे होऊन भर दरबारी दिवाणांचे मनगट धरिले.

“दिवाणजी, हात आवरा. हे बटण दाबाल तर चोर सुटेल आणि बयाजी जाईल.”

दिवाणजी लालबुंद जाहले, परंतु श्रीमंतांनी बाईंचे ऐकावे ऐसे सांगितले. मग बाईंनी प्रथम नेटची तार काढविली, म्हणजे हेराची वाट बंद, आणि यंत्र जागते ठेवून मेमरीची हुबेहूब नक्कल बाहेरील डिस्कवर उतरविली, आणि ती चाळता चाळता हेर सापडला. पोटात आमची मसलत, हातात शत्रूचा पत्ता, आणि आला कोठून, तर दिवाणजींस ईमेलने आलेल्या मुंजीचे निमंत्रणातून. त्यात दिवाणजींचा मायना ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ येथपासून एकही पदवी न गाळता लिहिला होता. दिवाणजींचे मन उदास जाहले की ते निमंत्रण उघडून आपला मायना वाचीत, आणि प्रत्येक वेळी हेर नव्याने आत येई. बयाजींस घालवायचे म्हणून त्या सकाळीही मन उदास होते, सबब मायना वाचला. शत्रूने आमचे दिवाणजी नेमके ओळखिले, याची तारीफ केलीच पाहिजे.

मग निमंत्रण नष्ट केले, सर्व यंत्रे तपासून वाट बुजविली, आणि श्रीमंतांनी बयाजींस मानाची वस्त्रे देऊ केली. बयाजी प्रथमच बोलिले.

“वस्त्रे नकोत, महाराज. ज्या सभेत मजला हरामखोर म्हटले, त्या सभेत तो शब्द परत घ्यावा.”

आबाजीपंत दिवाण वयाने वृद्ध, मानाने श्रेष्ठ. ते आसनावरून उठले, चालत किल्लीदारापर्यंत गेले आणि हात जोडोन म्हणाले, “बयाजी, दार मी उघडले आणि चोर तुम्हांस म्हटले. शब्द परत घेतो.” बयाजींचे डोळे भरले, आणि आमचाही ऊर भरून आला. मग कुटुंबास वेशीवरून वाजतगाजत आणविले.

एवंच हेराचे पारिपत्य जाहले, आणि भिवराबाईंचे परवानगीवाचून कोणी बटणास हात लावू नये ऐसा हुकूम सुटला. हेर पकडणारी राज्ये पुष्कळ असतील. परंतु जेथे दिवाण भर दरबारात उठोन किल्लीदाराची माफी मागतो, ऐसी दौलत कोणी दुसरी दाखवावी.